घाटात बोट उलटली की ‘ताबा सुटला’ एवढंच छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, घाटाच्या वळणावर आडवा झालेला ट्रेलर आणि त्याच्यावरून घसरून कठड्याला टेकलेली पांढरी शिडाची बोट, अन् खाली दोन ओळी, ‘चालकाचा ताबा सुटल्याने अपघात, सुदैवाने जीवितहानी नाही’. आमच्या उमरग्यात तो फोटो दिवसभर व्हॉट्सअपवर फिरायलाय, इकडं टँकरची वाट बघायची पाळी येते अन् ही बोट कुठं निघाली म्हणून लोक हसायलेत. मी बी हसलो. पण मग चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला, तर बोटीच्या पार मागच्या टोकाला तिचं इंजिन जसंच्या तसं लटकलेलं दिसलं, आणि तिथं हसू गेलं. तो ट्रेलर घाटात पडला खरा, पण पडायचा कार्यक्रम जिथं बोट लोड केली तिथंच ठरला होता. ड्रायव्हर बिचारा शेवटच्या पाच सेकंदाचा धनी.

मी बावीस वर्षं ट्रेलरच्या धंद्यात आहे. ऊसतोडणीचं हार्वेस्टर, पोकलेन, ट्रान्सफॉर्मर, एकदा तर एका मंदिराचा अख्खा दगडी नंदी, असलं सगळं ओढलंय. बोट मात्र आयुष्यात एकदाच. हैदराबादचे एक रिटायर साहेब, त्यांची सत्तावीस फुटी शिडाची बोट, ती त्यांना रत्नागिरीला समुद्रात न्यायची होती. म्हणजे जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, मग मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि शेवटी आंबा घाट उतरून खाली कोकण, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. ट्रेलर त्यांचाच, दोन आखांचा, ओढायला माझी सहाचाकी. मला वाटलं तीन-साडेतीन टनाचं तर काम आहे, आपण वीस टन ओढतो, ह्यात काय अवघड. तो शहाणपणा हुमनाबादपर्यंत टिकला.

हुमनाबाद सोडलं, रस्ता मोकळा, साठच्या वर स्पीड गेला नव्हता, अन् एक लक्झरी बस शेजारून सर्रकन गेली. तिच्या वाऱ्यानं ट्रेलर एकदा डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं जरा जास्त. आरशात बोट कुत्र्याच्या शेपटीसारखी हलताना दिसायली. साहेब शेजारी बसलेले, ते ओरडले ब्रेक मारा ब्रेक मारा. नशीब की मारला नाही. अशा वेळी पुढच्या गाडीचा ब्रेक जोरात मारला की पुढची गाडी थांबते पण मागचं साडेतीन टन थांबत नाही, ते बाजूनं पुढं यायला बघतं आणि गाडीची कातरी होते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, हलणाऱ्या ट्रेलरच्या उलट स्टिअरिंग मारत बसलो नाही, हळूहळू स्पीड उतरला तसं ते हलणं बंद झालं. खाली उतरलो तर पाय लटपटायलेत. क्लिनर पोरगं म्हणलं मामा आता काय करायचं, म्हणलं आता तिसावर उमरग्याला जायचं अन् काट्यावर चढायचं.

हे काट्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गोम इथंच आहे. आमच्या ओळखीच्या वजनकाट्यावर आधी ट्रेलर गाडीपासून सोडवून, पुढच्या जॅकवर उभा करून बोटीसकट अख्खा तोलला, भरला ३७०० किलो. मग गाडीला जोडला आणि गाडी काट्याच्या बाहेर, फक्त ट्रेलरची चारी चाकं काट्यावर राहतील असं उभं केलं, भरलं ३५६०. म्हणजे मधले १४० किलो गाडीच्या हुकावर. आता नियम असा की अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन पुढं हुकावर बसायला पाहिजे, थोडं इकडं तिकडं चालतं. माझ्याकडं चार टक्के पण नव्हतं. ट्रेलर मागच्या बाजूनं जड होता आणि मागून जड ट्रेलर शेपूट हलवणारच, त्यात ड्रायव्हर पंचवीस वर्षाचा मुरलेला असू दे नाहीतर कालचा.

हे समजायला इंजिनिअर व्हायची काही गरज नाही साहेब. आमचे आजोबा कडब्याची गाडी भरायचे तेव्हा अर्ध्यातच खाली उतरायचे अन् जू एका हातानं उचलून बघायचे. सहज वर आलं तर म्हणायचे गाडी उलाळ झालीय, मागच्या चार पेंढ्या पुढं घ्या. उलाळ गाडी चढाला लागली की जू बैलाच्या मानेवरून वर उठतं आणि जोत्यानं बैलाचा गळा आवळतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि लईच पुढं भरली तर मानेवर ओझं येऊन बैल बसतो. आजोबांनी हाताला जोखून जे काढलं तेच मी काट्याची पावती फाडून काढलं, फरक एवढाच की त्यांनी गाडी निघायच्या आधी बघितलं अन् मी दोनशेच्या आसपास किलोमीटर जीव मुठीत धरून आल्यावर.

मग बोटीत चढलो आणि बघितलं तर काय, साहेबांनी घर आवरल्यासारखं सगळं मागं कोंबलेलं. मागच्या फळीला लटकलेलं इंजिन ४५ किलोचं. मागच्या कप्प्यात नांगर आणि त्याची साखळी मिळून ७० किलो. दोन बॅटऱ्या ५० किलो. आणि मागच्या टाकीत पिण्याचं पाणी, साठेक लिटर, ते म्हणे वाटेत लागलं तर. मी म्हणलं साहेब आम्ही मराठवाड्याचे आहोत, पाण्याची किंमत आम्हाला सांगू नका, पण हे पाणी आत्ता ओतायचं. शेजारच्या पेरूच्या बागेत ओतलं. अर्धी भरलेली टाकी तर आणखी वाईट, पाणी आत हिंदकळतं अन् प्रत्येक वळणावर वजन जागा बदलतं. इंजिन काढून आत केबिनमध्ये पुढं आडवं निजवलं, खाली वाकळ टाकून. नांगर साखळी पार नाकात. बॅटऱ्या पुढं. परत काट्यावर घेतला तर हुकावर ३२० किलोच्या आसपास, म्हणजे नऊ टक्क्यांच्या जवळ. उमरगा ते सोलापूर त्याच गाडीनं, त्याच ड्रायव्हरनं, साठनं नेला, बाजूनं ट्रक गेले बस गेल्या, शेपूट हललं नाही.

आता बांधायचं. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली एक वजनदार पातं असतं, कील म्हणतात त्याला, आमच्या बोटीला नुसतं तेच टनभराचं होतं. बोटीचं सगळं वजन त्या कीलवर बसलं पाहिजे, खाली जाड लाकूड, आणि दोन्ही बाजूचे जे गादी लावलेले टेकू असतात ते फक्त बोट कलू नये म्हणून. लोक काय करतात, टेकू चांगले आवळून वर घेतात, दिसायला मजबूत दिसतं, पण मग वजन टेकूवर येतं आणि खड्ड्यात आपटलं की फायबरचं पोट तिथं आत जातं. दुसरं म्हणजे बोटीच्या नाकाला जो विंचचा, म्हणजे हातानं फिरवायच्या चरकाचा, पट्टा असतो तो ट्रेलरवर ओढून घ्यायला असतो, घाटात धरून ठेवायला नाही. उतारावर ब्रेक लागला की बोटीला पुढं सरकायचं असतं, त्यामुळं कीलच्या पुढं लाकडाचा अडसर पाहिजे आणि बोटीला मागं खेचून धरणारा स्वतंत्र पट्टा पाहिजे. पट्टे रॅचेटचे, म्हणजे दांडीनं आवळायचे, अन् पॉलिस्टरचे. नायलॉनचा दोर ताणला जातो, दवात भिजला की आणखीच सैल होतो. पट्टा जिथं कडेवर घासतो तिथं जुनी ट्यूब कापून घाला. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून सगळे पट्टे परत आवळा, कारण तोवर बोट आपली जागा धरून बसते आणि घट्ट बांधलेलं ढिलं झालेलं असतं. आम्ही नळदुर्गला चहाला थांबलो तेव्हा चारातले तीन पट्टे हातानं हलायले होते.

डोलकाठी काढून डेकवर आडवी बांधायची, ही ॲल्युमिनियमची दहा मीटरची, मागं दीड-पावणेदोन मीटर बाहेर. दिवसा लाल फडकं, पण माझं म्हणणं अंधार पडल्यावर चालवूच नका. आम्ही सहाला गाडी लावायचो ते सकाळी उजाडल्यावर काढायचो. ऊसाच्या सीझनमध्ये रात्री डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे, बिनरिफ्लेक्टरचे समोर येतात, त्या ट्रॉल्यांना ब्रेक असतो का हो, एकदा कुणीतरी वाकून बघा. बोट बघायला शंभर माणूस गोळा होतं अन् तिच्या शेजारून वीस टन ऊस बिनब्रेकचा जातो त्याच्याकडं कुणी मान वर करून बघत नाही. असो, तो विषय वेगळ्या पत्राचा.

रुंदीचं एक सांगतो. आपल्याकडं रस्त्यावरच्या गाडीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे, आमची बोट पोटात २.७५ भरली, म्हणजे मापाबाहेरचा माल, त्याला परवानगी लागते. एका ऑफिसात चार चकरा झाल्या. तिथल्या साहेबांना बोट कुठल्या रकान्यात लिहावी तेच कळेना, यंत्रसामग्री म्हणावी का फर्निचर, शेवटी ‘इतर’ मध्ये लिहिली. परवानगी घ्या मात्र, कंटाळून तसंच निघू नका, काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला तोच कागद मागतो. उंचीचं तर कुणी विचारतच नाही. आमची बोट ट्रेलरवर जमिनीपासून ३.७ मीटर होती. हायवेला अडचण नाही, पण डिझेलला नाहीतर जेवायला आत वळलात की गावाची स्वागत कमान, वाढदिवसाचा फ्लेक्स अन् लोंबणारी लाईटची तार. मी एका बांबूला ३.९ वर लाल पट्टी बांधून पोराच्या हातात दिला होता, शंका आली की पोरगं पुढं चालणार, पट्टी निघाली तरच गाडी निघणार. तारेजवळ मात्र बांबू सुद्धा न्यायचा नाही, तिथं सरळ गाडी मागं घ्यायची.

आता घाट. आमच्याकडं घाट म्हणजे तुळजापूरचा नाहीतर मांजरसुंब्याचा, तेवढ्यावर आमची पोरं स्वतःला घाटाचे ड्रायव्हर समजतात. सह्याद्रीची गोष्ट वेगळी आहे. समजा गाडी ट्रेलर मिळून दहा टन, आणि घाट उतरून तुम्ही पाचशे मीटर खाली आलात. तेवढं वजन तेवढं खाली येताना जी शक्ती सुटते ती सगळी जर ब्रेकमध्येच गेली तर तेवढ्या उष्णतेवर दीडशे लिटरच्या वर पाणी उकळेल. म्हणजे दोनशे लिटरचं आपलं निळं पिंप असतं ना, ते पाऊण भरून उकळेल एवढी उष्णता चाकांच्या त्या आठ-दहा ब्रेक-ड्रममध्ये वीस-पंचवीस मिनिटात. ब्रेकचे लायनर तापले की धरत नाहीत, आणि हायड्रॉलिक ब्रेक असला तर ऑईल तापून त्यात वाफ होते, पेडल पार तळाला जातं. त्यालाच आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो आणि पेपरात पण तेच येतं. ब्रेक सकाळी चांगले होते, वळणावर पण चांगलेच होते, फक्त तापून निकामी झाले होते, तासभर गार होऊ द्या परत लागतील. म्हणूनच आरटीओनं नंतर तपासलं तर दोष सापडत नाही अन् सगळं ड्रायव्हरच्या डोक्यावर येतं.

ह्याला उपाय जुनाच आहे, इंजिनला काम करू द्या. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर असतानाच खालचा गिअर टाका, उतारावर लागल्यावर इंजिन ओरडायलं की मग खालचा गिअर पडत नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढली असती त्याच गिअरमध्ये, जड माल असला तर आणखी एक खाली, तशी उतरवा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. पंचवीसला गेली की चांगला दाबून अठरा-वीसवर आणायची अन् पाय पूर्ण काढायचा, तेवढ्यात ड्रमला हवा लागते. आणि न्यूट्रल, म्हणजे गिअर काढून उतरणं. ह्या न्यूट्रलनं किती माणसं खाल्ली. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं एकामागून एक गाड्या चेपत नेल्या, डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरत होता असं तेव्हा सगळीकडं छापून आलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद, प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी होणार आणि परत भरणार नाही, स्टिअरिंग पण दगड. दोन-चारशे रुपयाच्या डिझेलसाठी.

बोटीच्या ट्रेलरचं आणखी एक दुखणं आहे जे आम्हा ट्रकवाल्यांना माहीत नसतं, मला पण नव्हतं. ह्या ट्रेलरला बहुतेक वेळा ओव्हररन ब्रेक असतो. म्हणजे पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्यानं हुकाजवळचा दांडा आत दाबला जातो आणि त्याच्यानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाटीवर झकास. पण घाटात तुम्ही शहाण्यासारखं इंजिनवर गाडी रोखून उतरवायला लागलात की ट्रेलर पूर्ण वेळ मागून ढकलतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक वरपासून खालपर्यंत थोडे थोडे लागलेलेच राहतात. तुमच्या पायाखाली काही कळत नाही. गाडीचे ब्रेक गार, ट्रेलरचे भाजून निघालेले.

आंबा घाटात आम्ही सकाळी साडेसातला लागलो, फेब्रुवारी होता, धुकं नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये, वीसनं, मागं पंधरा गाड्यांची रांग अन् हॉर्नवर हॉर्न. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर काच खाली घेतली तर जळक्या लायनरचा वास आला, आमच्या लाईनमधल्या माणसाला तो वास झोपेत पण ओळखू येतो. कडेला थोडी रुंद जागा बघून घेतली, पोरानं उडी मारून चाकाला दगड लावले. मी हाताचा पंजा ट्रेलरच्या हबजवळ नेला, टेकवला नाही, चार बोटं लांबूनच आच लागायली. डाव्या बाजूच्या मागच्या चाकातून बारीक धूर. पोरगं पाण्याचं कॅन घेऊन धावत आलं, मी त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं की ड्रम तडकतो. तसंच उभं राहायचं, अर्धा तास, पाऊण तास, आपोआप गार होऊ द्यायचं. साहेब एका दगडावर बसून बोटीकडं बघायलेत, मला म्हणाले हो, वादळात सुद्धा एवढी भीती वाटली नव्हती हिची. म्हणलं साहेब, पाण्यात तुम्ही तिच्यावर बसता, इथं ती आमच्यावर बसलीय.

तो दगड मला आवडला म्हणून सांगतो, तिथून खाली कोकणातली हिरवळ दिसायची अन् वर आमची ती पांढरी बोट, रस्त्यानं जाणारा प्रत्येक एसटीवाला मान काढून बघायचा. एकानं विचारलं, पूर आलाय का वर?

पुढं दर दोन-तीन किलोमीटरला थांबलो. थांबायला जागा कुठं आहे हा प्रश्नच. वळणावर लांब ट्रेलर आतून कापतो, ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकाच्या रेषेत येत नाहीत, आत ओढली जातात, म्हणून गाडी पार बाहेर घ्यावी लागते आणि समोरचा आला तर दोघंही अडकले. पोरगं प्रत्येक आवळ वळणाच्या पुढं शिट्टी घेऊन उभं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा कायदा आहे, नुसती रीत नाही. आमच्या मागचे पण ऐकायला तयार नाहीत, वळणावरच ओव्हरटेक. घाटाखालचं साखरपा आलं तेव्हा मी पहिल्यांदा पाणी प्यालो. रत्नागिरीत दुपारी क्रेननं बोट उतरवली आणि साहेबांनी मला जबरदस्तीनं आत बसवून एक चक्कर मारून आणली, पण त्याचं इथं काही काम नाही.

बेअरिंगचं एक राहिलं. बोटीचा ट्रेलर वर्षातले अकरा महिने उभा असतो, टायरची नक्षी तशीच दिसते म्हणून लोक टायर चांगला समजतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा अन् शेवटचे दोन वर्ष, तेवढं वाचा, पाच-सहा वर्षाच्या वरचा टायर घाटात नेऊ नका, कितीही नवा दिसू दे. हब उघडून नवीन ग्रीस भरा, आजोबांच्या भाषेत वंगण. आणि रॅम्पवरून बोट पाण्यात सोडायची असली तर आल्या आल्या गरम हब पाण्यात बुडवू नका, गार पाण्यानं आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेतं, परतीच्या वाटेला बेअरिंग जाम. गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये दोन सेफ्टी साखळ्या पाहिजेत, फुली मारून खालून घ्यायच्या, म्हणजे हुक निसटलाच तर ट्रेलरचं नाक त्या साखळ्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. आमच्या साहेबांच्या ट्रेलरला एकच होती आणि ती पण दरवाज्याची.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं दोन गोष्टींचं. एक तर संबंधित खात्यानं घाटाच्या वर, उतार लागायच्या आधी जड गाड्यांना उभं राहायला जागा करावी आणि तिथं बोर्ड लावावा की पुढं इतके किलोमीटर उतार, इतके टक्के, अमुक गिअर टाका. आत्ता बोर्ड काय असतो, ‘वाहने सावकाश चालवा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे’. ती वाट बघतेय हे आम्हाला माहीत आहे हो, उतार किती आहे ते सांगा. सहा टक्के म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर खाली, एवढं लिहिलं की ड्रायव्हरला गिअर कळतो. मधे मधे ब्रेक गार करायला दोन-तीन ठिकाणी कडेला जागा. ह्याला काही कोट्यवधी लागत नाहीत, डोंगर पोखरायचा नाही, आहे त्या रुंद जागा टपरीवाल्यांच्या आधी ट्रेलरवाल्यांना राखून ठेवल्या तरी होतं.

दुसरं तुमच्याकडं. बातमीदारानं घटनास्थळी गेल्यावर ड्रायव्हर प्यालेला होता का एवढंच न विचारता वजन कुठं होतं, ट्रेलरवरचा माल कशानं बांधला होता, काट्याची पावती आहे का, गाडी कुठल्या गिअरमध्ये सापडली, एवढं विचारावं. गिअरचा दांडा अपघातानंतर पण बहुतेक वेळा तसाच राहतो, न्यूट्रलला असला तर दिसतो. बोटीचा मालक कुठं होता ते पण विचारावं, कारण लोड त्यानंच केलेलं असतं आणि बातमीत नाव मात्र ड्रायव्हरचं, वय, गाव, जिल्ह्यासकट. त्या पोराला उद्या दुसरा मालक गाडी देणार नाही.

परवाच्या फोटोतला ड्रायव्हर कुठला आहे मला माहीत नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाल्याचं तुमच्याच बातमीत होतं. तपास करणाऱ्यांनी तो ट्रेलर अजून सोडवला नसेल तर बोट परत वर चढवून, इंजिन होतं तिथंच लटकवून, एकदा काट्यावर घ्यावी अशी विनंती छापा. माझ्याकडं आमच्या बोटीच्या दोन्ही पावत्या आहेत, आधीची १४० ची आणि नंतरची ३२० ची, शाई जरा पुसट झालीय पण आकडे वाचता येतात, तुम्हाला छापायच्या असतील तर फोटो काढून पाठवतो.

आपला नियमित वाचक,
एक ट्रेलरवाला
उमरगा, जि. धाराशिव